खोल म्हणजे किती?

२ मार्च, सोमवार

पहिल्याच दिवशी एका माणसाला किंचाळायला लावलं! तोही साधासुधा नाही — दातांचा डॉक्टर. उभा जन्म दुसऱ्यांना किंचाळायला लावणारा माणूस.

झालं असं. वर्गात आम्ही सहा जण. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, उंचीने माझ्या खांद्याच्याही खाली, मनगटं काडीसारखी. मनात म्हटलं, या काय डीप टिश्यू मसाज शिकवणार? फुंकर मारली तर उडतील. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर दर तुकडीला आपली पाठ सरावासाठी देतात म्हणे. ते येऊन टेबलावर पालथे झोपले. बाई म्हणाल्या, "आधी बघू तर दे, कुणाला काय येतं." सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी पुढे झालो. अठरा वर्षं बेकरीत पीठ मळलंय! पंधरा-पंधरा किलोचा गोळा, रोज पहाटे. त्यापुढे दातांच्या डॉक्टरची पाठ ती काय?

दोन्ही अंगठे रोवले आणि अंगाचं वजन टाकलं.

"आई गं!"

बाईंनी मला दंडाला धरून बाजूला केलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाव छान होत असणार तुमचे."

सगळे हसले. मीही हसलो. कान मात्र तापले होते.

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरांच्या पाठीवर दोन निळे डाग. बरोबर माझ्या अंगठ्यांच्या मापाचे. जिन्यात भेटले. "छे छे, मस्त मोकळं वाटतंय!" म्हणाले — आणि मान न वळवता, सगळ्या अंगासकट वळून निघून गेले.

५ मार्च, गुरुवार

ही वही हिनेच आणून दिली. "रोज शिकशील ते लिहून ठेव, नाहीतर विसरशील." तर लिहितो.

बेकरीत मोठं यंत्र आलं. सहा माणसांचं काम एका बटणावर. मालक वाईट नव्हता, स्वतः रडला बिचारा. पण यंत्र काही परत गेलं नाही. मी एक्केचाळीस वर्षांचा. हातांशिवाय काही येत नाही. बेकरीत कुणाची मान धरली, कंबर धरली की माझ्याकडे यायचे, तेवढ्यावर हिने माझा अर्ज भरला. ही शहराची बस चालवते. घरात निर्णयही तीच चालवते.

राहिले सासरे. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, आमच्याकडे असतात. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. ताठ माणूस. दोन वर्षांत माझ्याशी थेट एक वाक्य बोललेले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही! मी समोरच बसलेला असतो आणि ते हिला म्हणतात, "त्यांना सांग, मीठ इकडे सरकवा." ही सांगत नाही. मी सरकवतो.

आज जेवताना म्हणाले, "त्यांना विचार, आता लोकांची अंगं रगडणार का?"

मी हिला म्हणालो, "बाबांना सांग, हो."

ही दोघांकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघं मला पगार द्या."

८ मार्च, रविवार

घरी सराव. हिच्या उजव्या खांद्यात दगड आहे. दिवसभर ते स्टिअरिंग फिरवून दुसरं काय होणार? म्हटलं, हा फोडतोच आता.

"अरे, गर्दीच्या वेळी माझे प्रवासीसुद्धा एवढे धक्के मारत नाहीत!"

पाच मिनिटांत उठून बसली. दगड जागच्या जागी.

१० मार्च, मंगळवार

बाईंनी आज एक वेगळाच खेळ मांडला. टेबलावर चार ब्लँकेटं एकावर एक. सर्वांत खाली एक शर्टाचं बटण. "वरून हाताने शोधा."

मी जोरात दाबून पाहिलं. ब्लँकेटं गोळा झाली, घड्या पडल्या, टेबल कर्रकन वाजलं. बटण काही लागेना.

बाईंनी आपला तो चिमणीएवढा पंजा ठेवला. काहीच केलं नाही. नुसता ठेवला! मग हळूहळू हात खाली गेला — म्हणजे त्यांनी ढकलला असं नाही, ब्लँकेटांनीच वाट दिली. अर्ध्या मिनिटाने म्हणाल्या, "हे बघा, इथे आहे. चार भोकांचं आहे."

चार भोकांचं!

मग सांगितलं. "वर कातडी, तिच्याखाली पातळ आवरण, मग वरचे स्नायू, मग खालचे. खालच्यापर्यंत पोचायचं म्हणजे डीप टिश्यू. वरच्यांना तुडवून नाही पोचता येत. दाबलंत की ते घाबरून आवळतात. दार लावून घेतात. मग तुम्ही दारावर लाथा मारत बसता."

"मग जोर कधी लावायचा?" मी विचारलं.

"जोर लावायचा नाही. वजन टेकवायचं. आणि थांबायचं."

थांबायचं म्हणे! अठरा वर्षं मी थांबलो असतो तर गावाला पाव कोण देणार होतं?

१३ मार्च, शुक्रवार

बटण सापडलं. चौथ्या दिवशी. भोकं मोजता आली नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

अंगठे वापरायची बंदी. "अंगठे पाच वर्षांत संपतील," बाई म्हणतात, "कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापरा. पाय रोवा, कंबरेतून पुढे झुका. तेल अगदी थोडं, नाहीतर घसरत जाल आणि हाती काही लागणार नाही." दिवसभर झुकून झुकून माझ्याच पोटऱ्या भरून आल्या. घरी आलो तर म्हातारा खिडकीत बसून औषधाच्या डबीवरचा मजकूर वाचत होता. हिला म्हणाले, "यात तीन चुका आहेत." माझ्याकडे पाहिलं, चालण्याकडे पाहिलं. "त्यांना विचार, शिकतायत की मार खातायत?"

हसू आलं. पण दाखवलं नाही. आपणही कमी नाही.

२५ मार्च, बुधवार

डॉक्टर पुन्हा टेबलावर. काय छातीचा माणूस! आता मी दर थोड्या वेळाने विचारतो — एक ते दहात किती दुखतंय? बाईंचा नियम: सहाच्या वर जायचं नाही. श्वास अडकला, पायाची बोटं आवळली की तोंडाने काहीही सांगोत, हात मागे घ्यायचा.

डॉक्टर म्हणाले, "नऊ झालं तरी चालेल हो. दुखलं की कळतं, काम झालं."

मी म्हणालो, "दात काढताना असंच सांगता का तुम्ही पेशंटला?"

टेबलाला तोंड ठेवायला भोक असतं, त्यातून त्यांचं हसू खाली जमिनीवर सांडलं. हसता हसता खांदा एकदम सैल पडला आणि माझा हात आपोआप बोटभर खाली गेला. मी काही केलं नव्हतं!

बाईंनी पाहिलं. लगेच तेलाच्या बाटलीकडे वळल्या. पण पाहिलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, याने अंगातलं विष बाहेर पडतं ना? बाई लगेच, "कसलं विष? ते काम मूत्रपिंडं करतात. आम्ही फक्त आखडलेलं थोडं सैल करतो. उद्या जरा ठणकेल, परवा बरं वाटेल. त्याहून जास्त कुणी सांगितलं तर उठून चालू लागा." माझ्या शेजारचा ते सगळं वहीत लिहून घेत होता. "विष" शब्द खोडताना दिसला.

५ एप्रिल, रविवार

ही झोपली!

हिच्या खांद्यावर हात ठेवला. दगड होता तिथेच. ढकललं नाही. तिचा श्वास मोजत राहिलो. ती श्वास सोडायची तेव्हा केसभर पुढे. घ्यायची तेव्हा थांबायचं. पाच मिनिटं, सात मिनिटं — आणि त्या दगडाची एक कड विरघळली. खरंच! थंड लोण्यात बोट ठेवावं तसं. आणि मग घोरणं ऐकू आलं.

मी तसाच उभा. हात काढला तर जागी होईल. पाय झिणझिणायला लागले तरी हाललो नाही.

म्हातारा पाणी प्यायला बाहेर आला. आम्हाला पाहिलं. घोरणाऱ्या लेकीला पाहिलं. भांडं आवाज न करता खाली ठेवलं आणि चोरपावलांनी आत गेला.

६ एप्रिल, सोमवार

ही म्हणते, आज तीन फेऱ्या झाल्या तरी खांदा आठवला नाही. "तू काल केलंस काय नक्की?"

काही नाही, म्हटलं. उभा होतो.

१८ एप्रिल, शनिवार

सासरे पडले. स्टुलावर चढून माळ्यावरची जुनी पुस्तकं काढत होते. मी घरात असताना! हाक मारली असती तर? पण थेट हाक कशी मारणार — ही कामावर होती ना, निरोप पोचवणार कोण!

डावा घोटा टम्म. पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवलं. माझ्या पाठीवर बसून जिन्यात भेटलेल्या शेजारणीला सांगतात, "यांना सांगा, मला चालता येतंय."

बारीक हाड मोडलंय. प्लास्टर, तीन आठवडे. पाय हलवायचा नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

म्हाताऱ्याचं हलणं बंद म्हणजे घराचं हलणं बंद. खुर्ची खिडकीशी, पाय स्टुलावर, दिवसभर वाचन. मी दुपारचा घरी असतो, जेवण पुढे ठेवतो. "ठेवलंय," मी भिंतीला सांगतो. "बरं," ते खिडकीला सांगतात.

आज धीर करून म्हणालो, "बाबा, खुर्चीत बसून पाठ आखडली असेल. खांद्यांना जरा हात लावू?"

त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाले — कुणालाच नाही, खोलीला — "मला सवय नाही."

ठीक आहे. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. अनोळखी माणसं माझ्या हाताखाली घोरतात, आणि घरातला एक माणूस खांद्याला हात लावू देत नाही. वहीलाच सांगतो. हिला सांगितलं तर ती त्यांना सुनावेल, ते मला नको.

२ मे, शनिवार

डॉक्टरांची मान वळली! दोन्हीकडे! जिन्यात उभे राहून मला चार वेळा वळवून दाखवली. येणारे-जाणारे समजले, नाही म्हणतायत.

९ मे, शनिवार

प्लास्टर निघालं. म्हातारा काठी घेऊन घरभर फेऱ्या मारतोय. पाय वाळलेल्या शेंगेसारखा झालाय. हिने माझ्याकडून चोळून घ्या म्हटलं तर म्हणाले, "नको. आपोआप येईल."

१२ मे, मंगळवार

शनिवारी परीक्षा. सकाळी नऊला. बाहेरून परीक्षक येणार.

आज बाईंनी सगळं काम थांबवून एकच गोष्ट घोकून घेतली — हात कधी लावायचा नाही. म्हणाल्या, "हे चुकलात तर बाकी सगळं बरोबर येऊनही नापास. माझ्याकडे तर कायमचे नापास." लिहून ठेवतो:

ताप असेल तर नाही. जखम, पुरळ, ताजं हाड मोडलेलं — नाही. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नाही. पाठीच्या कण्यावर, गुडघ्याच्या मागे, गळ्यावर — कधीच नाही. हातापायात अचानक बधिरपणा — डॉक्टरकडे पाठवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: एकाच पायाला सूज, पोटरी हाताला गरम, दुखरी — विशेषतः माणूस खूप दिवस एका जागी बसून असेल, नुकतंच प्लास्टर निघालं असेल — तर बोटसुद्धा लावायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना.

कुणीतरी म्हणालं, "पण गिऱ्हाईक चिडलं तर?"

बाई: "चिडू दे. चिडायला तो जिवंत हवा ना."

१५ मे, शुक्रवार

पांढरा शर्ट धुतला. नखं कापली. स्नायूंची नावं पाठ झाली, दोन सोडून. ही म्हणते त्या दोनांवरच प्रश्न येणार. बायको आहे की शत्रू!

१६ मे, शनिवार — दवाखान्यात

परीक्षा झाली नाही. म्हणजे झाली असेल. मी नव्हतो.

क्रमाने लिहितो.

ही सहाच्या पाळीला गेली. सात वाजता मी शर्टाला इस्त्री करत होतो. मागून काठीचा आवाज आला. सासरे दारात उभे. म्हणाले, "जरा इकडे येता का?"

मी मागे वळून पाहिलं, ही परत आली की काय. कुणी नव्हतं. माझ्याशीच बोलत होते!

"पाय दुखतोय. जरा चोळून द्या. तुम्ही शिकलायत ना."

इस्त्री तशीच आडवी ठेवली — नंतर पाहिलं, शर्टाची बाही जळली होती. काय वाटलं मला ते लिहिता येत नाही. दोन वर्षं! दोन वर्षांत पहिलं वाक्य, आणि त्यात "तुम्ही शिकलायत ना". मी पळत जाऊन तेल आणलं. जमिनीवर बसलो, त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्यांनी स्वतःच पायजमा वर केला.

डावी पोटरी. ९ तारखेला वाळलेली शेंग होती ती. आता ताणलेली, चकाकणारी. मोज्याची कडा रुतून खोल वळ उमटलेला. हाताचा मागचा भाग नुसता टेकवला. गरम. मग उजवीला टेकवला. गार.

हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली. डावी उजवीपेक्षा दीड इंच जास्त.

मी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"बाबा, मी चोळणार नाही. आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय."

"का?"

"गुठळी असू शकते. नसेलही. पण मी हात लावणार नाही."

म्हातारा एकदम उसळला. "तीन महिने परक्या माणसांच्या पाठी चोळता! आणि घरच्या माणसाने एकदा पाय पुढे केला तर हात आखडता घेता?"

"हो."

"मी स्वतः होऊन मागितलं! समजतं का तुम्हाला?"

समजत होतं हो. तेच तर समजत होतं! त्यांचा पाय अजून माझ्या मांडीवर होता. एवढंच म्हणालो, "बाबा, मला किती चोळावासा वाटतोय ते तुम्हाला माहीत नाही. पण नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ थरथरत होते — रागानेच असणार. मग काठी टेकली. "चला."

टॅक्सीत पुढचा सगळा रस्ता माझ्याशी बोलले नाहीत. ड्रायव्हरला म्हणाले, "यांना सांगा, काच वर करा." ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालू द्या, आमच्यात असंच असतं.

घड्याळात नऊ वाजले तेव्हा आम्ही तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर होतो. बाईंना फोन केला, त्या वर्गात, उचलला नाही. मग त्यांना आत घेतलं. उघड्या दारातून दिसत होतं, एक मुलगी त्यांच्या पायावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवत होती. मग तिने फिरवणं थांबवलं आणि कुणाला तरी बोलावलं.

गुठळी निघाली. पोटरीत, गुडघ्यापर्यंत आलेली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कुणी चोळलं वगैरे नाही ना?"

"नाही."

"नशीब. घरचे लोक हटकून तेल लावतात. मग आम्हाला काही करायला उरत नाही कधीकधी." लगेच इंजेक्शन सुरू केलं. वेळेत आलात म्हणाल्या.

ही धावत आली, बसच्या गणवेशातच. कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं आणि तशीच उभी राहिली. तिचा खांदा पुन्हा दगड झाला होता. मी हात ठेवला.

१७ मे, रविवार

म्हाताऱ्याची तब्येत चांगली. पुरावा: भिंतीवरच्या सूचना-फलकातल्या चुका नर्सला दाखवून झाल्या. मला पाहून डोळे मिटून घेतले. मी बाहेर बसलो.

१८ मे, सोमवार

बाईंकडे गेलो. हजेरीचं पुस्तक उघडं होतं. माझ्या नावापुढे "गैरहजर".

"कारणाचा रकाना रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "काय लिहू?"

सांगितलं सगळं. शेंग, टेप, दीड इंच, झाकण. त्या ऐकत राहिल्या. मधे एकदाच विचारलं, "चोळावंसं वाटलं?"

"खूप."

त्यांनी पेन उचललं आणि त्या रकान्यात सावकाश लिहिलं: "हात लावला नाही."

मग म्हणाल्या, "परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर द्यावी लागेल, जुलैत. नियम तो नियम. पण उद्यापासून सकाळी कामाला या, माझ्या हाताखाली. पाच गिऱ्हाइकं मी आता एकटीने करू शकत नाही." आणि एकदम, "खोल म्हणजे किती, ते तुम्हाला आता शिकवायला नको."

जिन्यातून उतरताना डॉक्टर भेटले. मी काही बोलायच्या आत मान दोन्हीकडे वळवून दाखवली!

२१ मे, गुरुवार

सासरे घरी आले. तीन महिने गोळ्या, रोज थोडं चालणं, चोळणं पूर्ण बंद. जिना चढताना मी खांदा पुढे केला. त्यांनी हात ठेवला. शेजारीण दारात उभी होती, पण या वेळी तिला काही निरोप दिला नाही.

जेवताना म्हणाले, "मीठ द्या."

ही घास तोंडाशी धरून थांबली. मी मीठ दिलं. आमटीत मीठ आधीच जास्त झालं होतं, तरी त्यांनी घेतलं.

२६ मे, मंगळवार

आज पहिलं माझं स्वतःचं गिऱ्हाईक. टपाल वाटणाऱ्या बाई. उजवा खांदा पिशवीने खाली ओढलेला. "जोरात करा हं," म्हणाल्या, "मला हळूने काही होत नाही."

मी म्हटलं, बघू या.

वीस मिनिटांनी भोकातून आवाज आला, "अहो, हे तुम्ही नक्की करताय काय? नुसता हात ठेवल्यासारखं वाटतंय आणि आत कुठेतरी गाठ सुटतेय."

बाई पलीकडच्या टेबलावर होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्यांना बेकरीची सवय आहे. पीठ फुगेपर्यंत थांबतात."

खरंच की! अठरा वर्षं थांबतच तर होतो — मळून झाल्यावर, ओला पंचा झाकून. हे आधी कसं सुचलं नाही मला?

३१ मे, रविवार

आज जुनी पानं चाळायला घेतली. ही वही मी खणात पिशव्यांखाली ठेवतो. १२ मेच्या पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. "सूज"चा उकार दीर्घ केलेला. समासात छापखान्यातली ती आडवी-तिरपी चिन्हं. मागे उलटत गेलो — पार पहिल्या पानापर्यंत, पानापानावर! "म्हातारा" मात्र सगळीकडे तसाच ठेवलाय.

आणि त्या यादीतल्या शेवटच्या ओळींखाली — एकाच पायाला सूज, पोटरी गरम, नुकतंच प्लास्टर — दोनदा रेघ. शेजारी चाळीस वर्षांच्या सवयीने तारीख: १४ मे.

म्हणजे पाय पुढे केला त्याच्या दोन दिवस आधी. त्यांना ठाऊक होतं. घाबरले होते. चोळून घ्यायला आलेच नव्हते ते. माझ्या तोंडून ऐकायला आले होते.

वही आज खणात ठेवत नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवतोय, त्यांच्या चष्म्याशेजारी. पेन्सिलीला टोक करून.